डॅशबोर्डवर काट्यांची गर्दी, पण वैनगंगेचं पाणी दाखवणारा काटा कुठे?

लाखांदूर : पावसाळा तोंडावर आला की शोध व बचावाच्या बोटी ताडपत्रीखालून बाहेर निघतात. इंजिन सुरू करून पाहिलं जातं, लाइफ जॅकेट मोजली जातात, नदीवर रंगीत तालीम होते. त्याच सुमारास खरेदीच्या याद्याही तयार होतात. नवी बोट घेण्याइतका निधी हाती नसला, तरी आहे त्या बोटीवर 'आणखी काहीतरी' बसवण्याइतका निघतो. मग नजर जाते ती डॅशबोर्डवर. जीपीएस लावा, पाण्याची खोली दाखवणारा मीटर लावा, बॅटरीचा काटा लावा, पेट्रोल ताशी किती जळतं तेही दिसू द्या. तिकडे वरच्या अंगाला गोसीखुर्दच्या जलाशयावर जलपर्यटनाची तयारी आहे. तिथे येणाऱ्या मोटारबोटींबद्दलही हाच प्रश्न उभा राहणार.

मीटर चांगला की वाईट, हा वाद इथे नाही. फायबर बोटीचा डॅशबोर्ड हातभर रुंद असतो. त्यात स्टिअरिंग, चावी, लाइटांची बटणं आणि कंपनीने आधीच दिलेले दोन-चार काटे. उरलेल्या जागेत आणखी चार भोकं पाडली की कागदावर बोट 'सुसज्ज' होते. चालवणाऱ्याला मात्र डोळे दोनच, आणि पुराच्या पाण्यात तेही समोर लागतात. म्हणून कोणता काटा जागा अडवण्याच्या लायकीचा आहे, हे आधी ठरलं पाहिजे. ते ठरवायला डॅशबोर्ड बाजूला ठेवून नदीकडे पाहावं लागतं.

इथली बोट नदीत नाही, बांधीत चालते

लाखांदूर तालुका गोसीखुर्द धरणाच्या खाली आहे. पश्चिमेला वैनगंगा आणि तालुक्यातून वाहत येऊन तिला मिळणारी चुलबंद. वैनगंगा फुगली की चुलबंदचं पाणी पुढे सरकत नाही, मागे तुंबतं. त्यामुळे दोन नद्यांच्या कुशीत असलेल्या आवळीसारख्या गावाला बाहेर पाऊस नसतानाही वेढा पडू शकतो. ऑगस्ट 2020 च्या शेवटच्या दिवसांत असंच झालं. मध्य प्रदेशातल्या संजय सरोवरातून पाणी सुटलं, गोसीखुर्दचे सगळे 33 दरवाजे उघडावे लागले आणि भंडारा शहरापासून खाली गडचिरोलीपर्यंत नदीकाठ पाण्याखाली गेला.

अशा वेळी बचावाची बोट नदीच्या पात्रात कमी आणि धानाच्या बांध्यांवर, रस्त्यांवर, गावातल्या गल्ल्यांत जास्त चालते. खाली बांध असतो, कुंपणाची तार असते, तोडलेल्या झाडाचं खोड असतं. वर विजेच्या तारा असतात, ज्या एरवी डोक्यापासून कितीतरी उंच आणि आता हाताच्या अंतरावर. पाण्यात तणस, जलपर्णी, प्लास्टिक, फांद्या. समुद्रासाठी किंवा मोठ्या जलाशयासाठी बनलेला डॅशबोर्ड हे गृहीत धरत नाही.

खोली दाखवणारा मीटर पाहा. तो बोटीच्या बुडाशी बसवलेल्या सेन्सरमधून आवाजाची लहर खाली सोडतो आणि ती परतायला किती वेळ लागला, त्यावरून खोली सांगतो. म्हणजे बोट जिथे आहे तिथली खोली सांगतो, पुढे दहा हातांवर काय आहे ते नाही. पाणी फेसाळ, बुडबुड्यांनी भरलेलं असलं तर आकडा थरथरतो किंवा गायबच होतो. गोसीखुर्दच्या शांत जलाशयात, जिथे बुडालेली झाडं आणि जुन्या गावठाणांच्या भिंती पाण्याखाली आहेत, तिथे हा मीटर पैसे वसूल करतो. लाखांदूरच्या शेतात शिरलेल्या पुरात मात्र नाकाडावर बसलेला माणूस आणि त्याच्या हातातला बांबू याच कामाला जास्त भरवशाचा. ढिवर बांधवांना हे कोणी शिकवायची गरज नाही.

इंजिनाचं थंडावणं ही खरी अडचण. बोटीच्या मागे लटकलेलं इंजिन, ज्याला पथकातले लोक 'ओबीएम' म्हणतात, थंड राहण्यासाठी नदीचंच पाणी ओढून घेतं. त्या तोंडात गाळ, तणस किंवा जलपर्णीचं मूळ अडकलं की पाणी थांबतं आणि काही मिनिटांत इंजिन तापतं. वैनगंगेत जलपर्णी कमी नाही. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून खाली येतं आणि गोसीखुर्दच्या पाण्यात तिला खत मिळतं, ही तक्रार जुनी आहे. बहुतेक इंजिनांत मागच्या बाजूने पाण्याची एक बारीक धार बाहेर पडताना दिसते. धार बंद झाली की समजायचं, तोंड तुंबलं. पण चालवणारा पुढे बघतो आणि धार मागे पडते. रात्री तर ती दिसतच नाही.

म्हणून इथल्या बोटीवर एकच जास्तीचा काटा लावायची परवानगी असेल, तर तो थंड पाण्याच्या दाबाचा असावा. तापमानाचा काटा इंजिन तापल्यावर वर चढतो, तर दाबाचा काटा त्याआधीच खाली पडतो. मधल्या त्या वेळात इंजिन बंद करून, प्रोपेलर वर उचलून अडकलेलं तणस हाताने काढता येतं. तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेल्यावर बहुधा फक्त वल्हीच उरतात. सर्रास खरेदीच्या यादीत मात्र जीपीएस वर असतो आणि दाबाच्या काट्याचं नावही नसतं. जीपीएसचा पडदा फोटोत चांगला दिसतो, हे एक कारण असू शकतं.

एकसारखे वाटणारे दोन काटे

जीपीएस निरुपयोगी आहे, असंही नाही. बोटीचा जुन्या पद्धतीचा वेगाचा काटा पाण्याच्या दाबावर चालतो. बोट पाण्याला किती वेगाने कापते, ते तो सांगतो. जीपीएस सांगतो जमिनीच्या हिशेबाने बोट किती सरकली. तलावात दोन्ही आकडे जवळपास सारखे, त्यामुळे 'दोन कशाला' असं कोणालाही वाटेल. पुरात चित्र बदलतं. प्रवाहाविरुद्ध जाताना पहिला काटा ताशी 20 किलोमीटर दाखवतो आणि जीपीएस 8. मधला 12 चा फरक हा नदीचा वेग. तासाभराने त्याच जागी फरक 15 झाला, तर वरून पाणी वाढलंय, परतीचा विचार करायला हवा. दोन साध्या आकड्यांच्या वजाबाकीतून नदीचा मिजाज कळतो. अर्थात जुन्या काट्याच्या नळीत गाळ शिरला की तो खोटं बोलतो, हेही लक्षात ठेवावं लागतं.

बाकीचे काटे? पेट्रोलचा हवा. बॅटरीच्या व्होल्टचा उपयोगी आहे. इंजिन चालू असताना साडेतेरा ते साडेचौदाच्या मध्ये असला म्हणजे चार्जिंग होतंय, बाराच्या खाली घसरत असला तर सर्चलाइट आणि सायरन बॅटरी खात आहेत. बचाव बहुतेक वेळा रात्रभर चालतो, त्यामुळे याला किंमत आहे. ताशी पेट्रोल किती, हवेचा दाब, इंजिनाचा कोन, समुद्राचं तापमान... ही माहिती ज्याला हवी त्याने मागवून पाहावी, कायम डोळ्यासमोर टांगून ठेवू नये. त्यासाठी आता सोय आहे. नव्या इंजिनांत एनएमईए 2000 नावाची जोडणी असते. तिच्यातून एकाच केबलवर सगळी माहिती येते आणि एका छोट्या पडद्यावर बटण दाबून पानं बदलता येतात. पाच भोकांच्या जागी एक भोक.

पण सगळंच पडद्यावर न्यायचं म्हटलं तरी फसगत होते. 21 ऑगस्ट 2017 रोजी सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि 10 नौसैनिक मरण पावले. चौकशीत निघालं की स्टिअरिंग आणि वेगाचा ताबा टचस्क्रीनवर एका जागेवरून दुसऱ्या जागी गेला होता आणि तो कोणाकडे आहे, हेच ब्रिजवरच्या लोकांना कळलं नव्हतं. त्यानंतर अमेरिकी नौदलाने हाताने ओढायचे थ्रॉटल परत आणायचं ठरवलं. जिथे जीव टांगणीला लागतो ती गोष्ट साधी, हाताला लागणारी आणि एका जागी स्थिर हवी, एवढं त्यातून इथल्या बोटीलाही लागू होतं. दाबाचा, पेट्रोलचा आणि व्होल्टचा काटा वेगळा, डोळ्यासमोर. बाकी पडद्यात. आणि ज्या काट्यांवर लक्ष राहणार नाही त्यांच्यासाठी बझर. इंजिनाच्या आवाजात ऐकू येईल इतका मोठा, पण एकच. चार प्रकारचे बझर बसवले की चालवणारा आधी कोणता वाजतोय ते शोधत बसतो.

मोटारींच्या शर्यतीतली एक जुनी युक्ती इथे फुकटात वापरता येते. काटे बसवताना ते थोडे फिरवून असे बसवायचे की सगळं नीट असताना प्रत्येक सुई सरळ वर उभी दिसेल. मग आकडे वाचावे लागत नाहीत. एखादी सुई वाकडी झाली की ओझरत्या नजरेतही खटकते. छिद्र पाडण्याआधी पुठ्ठ्याचे गोल कापून डॅशबोर्डवर चिकटवायचे, लाइफ जॅकेट घालून चालकाच्या जागी बसायचं आणि स्टिअरिंगच्या आड कोणता काटा जातो ते पाहायचं. दहा मिनिटांचं काम. फायबरला पाडलेलं भोक परत बुजवणं दहा मिनिटांत होत नाही.

टाकी रिकामी, काटा फुल

जास्तीच्या काट्यांचा धोका नुसत्या गर्दीत नाही, मागच्या वायरिंगमध्येही आहे. पेट्रोलचा काटा टाकीतल्या सेन्सरचा विद्युत रोध मोजतो. अमेरिकी पद्धतीच्या सेन्सरमध्ये टाकी रिकामी असताना 240 ओहम आणि भरलेली असताना 33 ओहम असतात. युरोपीय पद्धतीत उलटं: रिकामी असताना 10 आणि भरलेली असताना 180. बाजारात दोन्ही मिळतात, दिसायला सारखेच. जुन्या टाकीत युरोपीय सेन्सर असेल आणि नवा काटा अमेरिकी बसवला, तर टाकी कोरडी पडताना सुई 'फुल' वर जाऊन बसते. रंगीत तालमीत हे कळत नाही, कारण तालीम वीस मिनिटांची असते आणि टाकी भरून नेलेली असते. ते कळतं ते चौथ्या फेरीला, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना घेऊन प्रवाह ओलांडताना. नवा काटा लावला की टाकी पूर्ण रिकामी करून आणि मग मोजून भरत काटा तपासणं हाच त्यावर उपाय. पुरवठादाराच्या बिलावर सही करण्याआधी.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे एका काट्याला येणारी वायर पुढच्या काट्याला, तिथून त्याच्या पुढच्याला, अशी माळ ओवणं. पहिल्याच जोडावर गंज चढला की पुढचे सगळे काटे एकदम मरतात, किंवा त्याहून वाईट म्हणजे व्होल्टेज पडल्यामुळे थोडं थोडं चुकीचं दाखवत राहतात. बंद काटा निदान फसवत तरी नाही. कथिलाचा मुलामा असलेली वायर, प्रत्येकाला वेगळा फ्यूज, अर्थिंगसाठी एक समाईक पट्टी आणि होकायंत्रापासून अंतर, कारण काट्यांतलं चुंबक त्याची सुई ओढतं. गावातल्या ट्रॅक्टरचं वायरिंग करणारा कारागीरही हे व्यवस्थित करू शकतो, त्याला सांगितलं तर. आणि एक गोष्ट: दोरी ओढून सुरू होणाऱ्या लहान इंजिनांना बऱ्याचदा बॅटरीच नसते. रबरी बोटींना तर डॅशबोर्डच नसतो. तिथे हा सगळा खर्च कशावर करायचा, हा प्रश्नही यादी करणाऱ्यांनी स्वतःला विचारावा.

न बसवलेला काटा

आता मूळ मुद्दा. लाखांदूरच्या बोटीचं काय होईल, हे ठरवणारा सर्वांत मोठा आकडा तिच्या डॅशबोर्डवर येऊच शकत नाही. तो म्हणजे गोसीखुर्दमधून किती पाणी सुटलं आणि ते इथे केव्हा पोचेल.

जिल्ह्यात पुराची चर्चा कारधा पुलावरच्या पातळीने होते. 245.50 मीटर ही तिथली धोक्याची पातळी बहुतेकांना पाठ आहे. पण कारधा भंडाऱ्याजवळ, म्हणजे धरणाच्या वर. लाखांदूर धरणाच्या खाली. कारध्याचा आकडा धरणात काय येतंय ते सांगतो. खाली काय येणार, ते दरवाज्यांवर ठरतं. कारध्याला पाणी उतरत असताना खाली वाढू शकतं आणि उलटही होऊ शकतं. लाखांदूरकरांनी कारध्याकडे बघून निश्चिंत होणं म्हणजे दुसऱ्याच्या गाडीच्या काट्यावरून आपलं पेट्रोल मोजण्यासारखं आहे.

विसर्गाचा संदेश येतो. तो मोबाइलवर येतो, ग्रुपवर फिरतो, कधी पोलीस पाटलाकडून आणि दवंडीतून पोचतो. त्यात लिहिलेलं असतं की इतके दरवाजे अर्ध्या मीटरने उघडले, इतके क्युमेक्स विसर्ग सुरू. वाचणाऱ्यांपैकी कितीजणांना क्युमेक्स म्हणजे काय ते सांगता येईल? एक क्युमेक्स म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर पाणी, म्हणजे 35 क्युसेक्सहून थोडं जास्त. 5,000 क्युमेक्स म्हणजे सुमारे 1 लाख 76 हजार क्युसेक्स. एका बातमीत क्युमेक्स आणि दुसरीत क्युसेक्स आलं की तोच आकडा 35 पट फसवतो.

आणि संदेश नीट समजला तरी तो दरवाजा उघडल्याचा असतो, घाटावर पाणी पोचल्याचा नसतो. हा फरक किती महाग पडतो, ते अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुभट्टीत दिसलं. 28 मार्च 1979 ला तिथली एक झडप उघडी अडकून राहिली. पॅनेलवरचा दिवा मात्र ती बंद झाल्यासारखं सांगत होता, कारण तो दिवा 'बंद हो' असा हुकूम गेला की नाही, एवढंच दाखवत होता. झडप खरंच बंद झाली का, ते नाही. त्याच वेळी पहिल्या काही मिनिटांत शंभरावर इशारे एकदम वाजत होते. काट्यांची कमतरता तिथे अजिबात नव्हती. हवा तो एक काटा नव्हता.

लाखांदूरच्या घाटांवर हवा तो काटा फार साधा आहे. पुलाच्या खांबावर किंवा घाटाच्या पायरीवर रंगवलेली मीटर-सेंटिमीटरची पट्टी. हिरवा, पिवळा, लाल. कोणत्या रेषेपर्यंत डोंगा सुटेल, कोणत्या रेषेला मोटारबोट निघेल, कोणत्या रेषेनंतर गाव रिकामं करायला सुरुवात होईल. जलसंपदा विभागाच्या आणि केंद्रीय जल आयोगाच्या ठिकाणी अशा पट्ट्या असतातच, त्यात नवं काही नाही. नवं एवढंच करावं लागेल की ती गावाला वाचता येईल अशा जागी आणि गावाच्या कामाच्या रेषांनी रंगवलेली असेल. दोन-तीन पुरांत 'इतका विसर्ग, इतक्या तासांनी, आपल्या पट्टीवर इतकं पाणी' अशी नोंद शाळेच्या वहीत झाली, तर चौथ्या पुरात क्युमेक्सचा संदेश त्या गावाला स्वतःच्या भाषेत वाचता येईल.

ज्यांना डॅशबोर्डच नाही

बोटीच्या सामानाची चर्चा करताना आणखी एक गोष्ट बाजूला पडते. वैनगंगेवर रोजचे प्रवासी मोटारबोटीत नसतात, डोंग्यात असतात. 23 जानेवारी 2024 ला गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी तालुक्यातल्या गणपूर (रै) इथे मिरची तोडायला निघालेल्या शेतमजूर महिलांची नाव याच नदीत उलटली आणि 6 महिलांचा जीव गेला. तेव्हा पूर नव्हता, पावसाळाही नव्हता. त्या नावेला कोणता काटा लावणार होते? तिथे हवी होती लाइफ जॅकेट आणि पलीकडे जायला पूल.

8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळमध्ये पुरातून बाहेर पडणाऱ्यांची बोट उलटली, 17 जण गेले. बोटीत क्षमतेहून कितीतरी जास्त माणसं होती. 23 मे 2024 ला अकोले तालुक्यात सुगावजवळ प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोटच उलटली आणि दलाचे 3 जवान गमावले. प्रशिक्षित माणसं, मोटारबोट, सामान, सगळं होतं. पाण्याचा जोर आणि भोवरा भारी पडला.

या तिन्ही घटनांत डॅशबोर्डवर आणखी एक मीटर असता तर निकाल बदलला असता, असं म्हणता येत नाही. वजनाचा मीटर बोटीला नसतो. बाहेरून रंगवलेली रेषा मात्र असू शकते, जिच्या वर पाणी आलं की 'आणखी एकही माणूस नको' हे काठावरच्या पोरालाही दिसतं. अंतर्देशीय जलयान कायदा, 2021 नुसार इंजिनावर चालणाऱ्या बोटींची नोंदणी आणि तपासणी बंधनकारक आहे, आणि बिगर इंजिनाच्या नावांसाठीही त्यात वेगळं प्रकरण आहे. कायद्याचा हा भाग घाटापर्यंत उतरला, तर रेषा आणि क्षमतेचा आकडा डोंग्यावरही येईल. गोसीखुर्दच्या पर्यटन बोटींवर तर तो पहिल्या दिवसापासून असायला हवा.

राहिला खरेदीच्या यादीत कधीच नसलेला, सर्वांत स्वस्त काटा. इंजिन एकूण किती तास चाललं, ते मोजणारा. दर शंभर तासांनी किंवा वर्षातून एकदा सर्व्हिसिंग, असा बहुतेक ओबीएमचा नेम असतो. बचावाची बोट वर्षात दहा-पंधरा दिवस चालते, बाकी उभी असते. उभ्या इंजिनात पेट्रोल जुनं होतं, पाणी ओढणाऱ्या पंपाची रबरी पाती कडक होतात. मीटरवर तास फार दिसत नाहीत, म्हणून सर्व्हिसिंग पुढे ढकललं जातं आणि वर्ष उलटतं. जूनमधल्या तपासणीत डॅशबोर्डवर नवीन काय बसवलं, हे विचारण्याआधी त्या पंपाची पाती शेवटची केव्हा बदलली, एवढा एक प्रश्न विचारला आणि त्याचं उत्तर तारखेसह रजिस्टरमध्ये लिहून घेतलं, तर ऑगस्टमध्ये बोट पहिल्या दोरीला सुरू होते.